पुलापलीकडे जाऊन परत

ऑक्टोबर २०२४. थायलंडमधला माझा एकोणसाठावा दिवस. त्याच वर्षी १५ जुलैपासून भारतीयांना तिथे व्हिसाशिवाय ६० दिवस राहता यायला लागलं होतं. माझी जुनी नोकरी सुटली होती, नवी जानेवारीत सुरू होणार होती आणि बँकॉकमध्ये मित्राची खोली होती. दिवस संपत आलेले बघून मित्र म्हणाला, "बॉर्डरला जाऊन ये."

याला तिथे 'व्हिसा रन' म्हणतात. पहाटेच्या थर्ड क्लासच्या गाडीने सहाएक तासांत अरण्यप्रथेत गाठायचं. थायलंडमधून बाहेर पडल्याचा शिक्का घ्यायचा, पूल ओलांडायचा, ३० डॉलर भरून कंबोडियाचा व्हिसा घ्यायचा. पलीकडे पोईपेट नावाचं गाव आहे. दोन्ही देशांच्या चौक्यांच्या मधल्या पट्ट्यात मोठाले कसिनो आहेत. मी पोईपेटला एक रात्र काढली आणि दुसऱ्या दिवशी परत आलो. तेव्हा जमिनीवरून असं व्हिसाशिवाय वर्षातून दोनदाच आत येता येत होतं. माझी पहिलीच वेळ होती. अधिकाऱ्याने पानं चाळली, शिक्का मारला. नवे ६० दिवस.

आमच्या भाषेत सांगायचं तर सेशन संपत आलं होतं, लॉगआउट करून पुन्हा लॉगिन केलं. माणूस तोच, पाठीवरची सॅक तीच, फक्त तारीख बदलली.

त्याच पुलावर माझ्या शेजारून कंबोडियन बायका-पुरुष हातगाड्या ओढत चालले होते. अलीकडे रोंग क्लुआ नावाचा मोठा बाजार आहे, तिथे ते तेव्हा रोज कामाला येत आणि परत जात. मी शिक्क्यासाठी चाललो होतो आणि ते पोटासाठी.

रात्री व्हिडिओ कॉलवर आजीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे पुलापलीकडे जाऊन परत आलास, तेवढ्यावर त्यांनी तुला ठेवून घेतलं?"

"हो."

"बरंय बाबा तुमचं."

ती एवढं का म्हणाली, ते मला कळलं. त्यासाठी तुम्हाला आमच्या पुलावर यावं लागेल.

*

आमचं गाव भोर तालुक्यात, नीरेच्या अलीकडे. आजीचं माहेर पलीकडे, शिरवळच्या बाजूला. आज पुण्याहून साताऱ्याकडे जाताना सारोळ्याच्या पुलावर नीरा ओलांडली की पुणे जिल्हा संपतो आणि सातारा सुरू होतो. गाडीतल्या माणसाच्या ते लक्षातही येत नाही.

पण आजीचा जन्म १९३८चा. तेव्हा आजचा भोर आणि आता राजगड म्हणून ओळखला जाणारा वेल्हे हे तालुके बहुतांशी भोर संस्थानात होते. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात मोगलांकडून किल्ले परत घेणारे शंकराजी नारायण सचिव हे या घराण्याचे मूळपुरुष, म्हणून इथला राजा 'पंतसचिव'. संस्थानचे पाच तालुके होते: विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवन मावळ आणि सुधागड. ट्रेकला जाणाऱ्यांसाठी सांगतो, विचित्रगड म्हणजे रोहिडा आणि प्रचंडगड म्हणजे तोरणा. नीरेपलीकडचं शिरवळ मात्र ब्रिटिशांच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे लोकांच्या बोलीत 'खालसात'.

आजीच्या मावशीला 'संस्थानात दिली' होती. लहानपणी आजी आईचा हात धरून मावशीकडे जायची, म्हणजे खालसातून संस्थानात. कुणी अडवत नसे, कागद मागत नसे. पण सारा कुणाला भरायचा, खटला कुठे चालायचा, दाद कुणाकडे मागायची, हे सगळं बदलायचं.

ही रेषा ओलांडण्याचा उपयोग लोकांना चांगला ठाऊक होता. संस्थानी प्रजेचे हक्क मागणारे लोक आपल्या परिषदा पुण्यात भरवत, कारण तिथे संस्थानिकाचा हुकूम चालत नसे. याच्या उलटंही व्हायचं. सातारच्या प्रतिसरकारचा मोठा आधार असलेलं कुंडल हे औंध संस्थानाचं गाव होतं, चहूबाजूंनी ब्रिटिश मुलूख. ब्रिटिश पोलिसांचा अधिकार जिथे अडखळायचा तिथे भूमिगतांना श्वास घ्यायला जागा मिळायची. एका राज्याचं घड्याळ थांबवायला दुसऱ्या राज्यात पाऊल टाकायचं, ही युक्ती व्हिसा रनच्या कितीतरी आधीची आहे. फरक इतकाच, की त्यांना पुढच्या दोन महिन्यांची सुट्टी नको होती.

कागदही जुनाच. आज आपण 'रहदारी' म्हणतो ते ट्रॅफिकला. जुन्या मराठीत 'राहदारी' म्हणजे वाटेने जाण्याचा परवाना, किंवा त्या वाटेवरचा कर. 'दस्तक' हाही तसाच एक परवाना. पण देशाबाहेर पडणाऱ्या प्रत्येकाकडे पासपोर्ट हवाच, ही सक्ती आपल्याकडे आली पहिल्या महायुद्धात. युद्धापुरती म्हणून आली आणि राहिली.

८ मार्च १९४८ रोजी भोर संस्थान विलीन झालं. आजी तेव्हा दहा वर्षांची. नदी होती तिथेच राहिली, रेषा गेली. पुढे आजीला त्याच बाजूला 'दिली', तेव्हा संस्थान हा शब्द फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडी उरला होता.

*

मग मे २०२० आला. मी वर्क फ्रॉम होम म्हणून गावी होतो. एका सकाळी फोन आला: नदीपलीकडे आजीचा धाकटा भाऊ गेला. अंतर अठरा किलोमीटर. पण तेव्हा जिल्ह्याची हद्द ओलांडायला ई-पास लागत होता.

घरात इंजिनिअर मी. आजीचा आणि बाबांचा अर्ज मी मोबाईलवर भरला. आधार जोडलं, फोटो जोडले, कारण लिहिलं. वैद्यकीय प्रमाणपत्र जोडायचं राहिलं. सूचना नीट लिहिलेल्या होत्या, मीच घाईत वाचल्या नाहीत. अर्ज नामंजूर होऊन आला तेव्हा दुपार झाली होती. दुसरा अर्ज भरेपर्यंत तिकडून निरोप आला, उरकलं.

दिवसभर आजी ओट्यावर बसून होती. एकदाच विचारलं, "पूल तर उघडाच आहे ना रे?"

पूल उघडाच होता. राजा नसताना, परकं राज्य नसताना, ७२ वर्षांनी नीरेवर पुन्हा रेषा आली होती, आणि या वेळी ती कागद मागत होती. साथीच्या दिवसांत ती हवीच होती, हे मलाही पटतं. त्या सप्टेंबरात ई-पास रद्द झाला. आजीने त्यावरून मला कधी काही बोलून दाखवलं नाही. "बरंय बाबा तुमचं" एवढंच, तेही साडेचार वर्षांनी.

*

पोईपेटहून परत आल्यावर मी त्या सीमेबद्दल वाचलं. तो सगळा मुलूख आधी सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या ताब्यात होता. १९०७च्या तहाने तो फ्रेंचांच्या कंबोडियाकडे गेला. दुसऱ्या महायुद्धात थायलंडने परत घेतला आणि १९४६मध्ये पुन्हा सोडला. मी ज्या रेषेवर पाय ठेवून तारीख बदलून आलो, ती माझ्या आजीच्या हयातीत दोनदा सरकली होती.

मे २०२५मध्ये दोन्ही देशांतला जुना सीमावाद पेटला आणि जूनमध्ये थायलंडने ते नाकं पर्यटकांना बंद केलं. २४ ते २८ जुलै पाच दिवस लढाई झाली. थायलंडमधले लाखो कंबोडियन मजूर सामान उचलून मायदेशी गेले. हातगाड्या ओढणाऱ्या त्या बायकांचं काय झालं असेल, हे बातम्यांत नव्हतं. माझं काही अडलं नाही. माझी नवी नोकरी पुण्यात चालू होती.

त्या ऑगस्टमध्ये गावी गेलो तेव्हा आजीला गाडीत बसवून तिच्या माहेरी नेलं. पुलावर आल्यावर तिने काच खाली करायला सांगितली. नीरा भरून चालली होती. मागून हॉर्न वाजत होते, तरी मी वेग कमी केला.

"इथनं संपलं बघ संस्थान," ती म्हणाली.

कुणीही आम्हाला काही विचारलं नाही.