समूह-उड्डाण, उपग्रहांचे

दोन किंवा अधिक उपग्रहांनी आपसातील अंतर ठरावीक मर्यादेत ठेवून एकाच कामासाठी केलेले परिभ्रमण. रस्त्यावरच्या दोन मोटारींप्रमाणे वेग जुळवला की अंतर राखले जाईल, असा समज सहज होतो. कक्षेत मात्र जुळवावा लागतो तो परिभ्रमणकाल. एकामागून एक जाणाऱ्या उपग्रहांच्या कक्षांचे अर्धदीर्घाक्ष सारखे असतील, तरच दोघांना फेरीला सारखा वेळ लागतो. त्यांत १ मी. फरक राहिला, तर दर फेरीला अंतर सुमारे ९.४ मी. बदलते; खालच्या कक्षेत दिवसाला १५ फेऱ्या होतात, म्हणजे दिवसाकाठी सुमारे १४० मी. म्हणूनच पुढच्याला गाठायचे तर मागच्याने वेग कमी करायचा असतो. तो खालच्या, आखूड कक्षेत उतरतो, फेरी लवकर पुरी करतो आणि पुढे सरकतो. हवे ते अंतर आले की त्याला पुन्हा मूळ उंचीवर चढवतात. विरळ हवेचा रोधही याच कामी येतो. ‘प्लॅनेट’ कंपनीच्या छोट्या ‘डव्ह’ उपग्रहांपैकी ज्याची रुंद बाजू हवेला सामोरी केली जाते, तो खाली येऊन पुढे जातो. यात उंची फक्त घटते आणि आयुष्य कमी होते, हा आक्षेप खरा आहे. पण त्या बदल्यात इंधनाचा भारच वाचतो.

इंधन असेल तर अंतर सतत पक्के का धरू नये? गुरुत्वाकर्षण मोजणाऱ्या ‘ग्रेस’ जोडीने (२००२–१७) याचे उत्तर दिले. तिच्यातील सुमारे २२० किमी. अंतरात खालच्या वस्तुमानामुळे पडणारा सूक्ष्म फरक हेच तिचे मोजमाप होते. अंतर बळाने धरले असते तर तेच पुसले गेले असते. ते फार ढळले तरच थ्रस्टर चालवत. ५ डिसेंबर २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्हीने सोडलेली युरोपीय ‘प्रोबा-३’ जोडी याला अपवाद वाटेल. सूर्याचे प्रभामंडल टिपण्यासाठी ती सुमारे १५० मी. अंतर मिलिमीटरच्या अचूकतेने धरते. पण १९ तास ४२ मिनिटांच्या फेरीत हे चालते जेमतेम सहा तास, तेही ६०,००० किमी.हून उंच असलेल्या अपभू बिंदूच्या आसपास. तिथे दोघांवरील गुरुत्वाकर्षणातला फरक अगदी अल्प असतो आणि इंधन थोडे लागते. खाली उतरताना दोघांना सुरक्षित अंतराच्या मार्गांवर मोकळे सोडतात आणि पुन्हा वर पोहोचल्यावर रचना नव्याने बांधतात.