अनियतपणाचा अर्थ : लघुअनियतकालिके आणि छापील शब्दाची सीमा

मराठीतील लघुअनियतकालिकांच्या चळवळीचे मूल्यमापन बहुधा तिने पुढे आणलेल्या लेखकांच्या आधारे केले जाते. त्यामुळे नियतकालिक या संस्थेलाच तिने दिलेले आव्हान दुय्यम ठरते. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर व रमेश समर्थ यांनी पन्नाशीच्या दशकात ‘शब्द’ काढले. १९६३ मध्ये अशोक शहाणे यांचे ‘असो’ आले. भालचंद्र नेमाडे यांचे ‘वाचा’ औरंगाबादहून निघाले. ‘शब्द’चे अंक सायक्लोस्टाइल केलेले असत. मोजक्या प्रती काढण्याचे हे साधन हाती आल्यावर जाहिरातदार आणि मान्यवर संपादक यांच्यावाचून अडण्याचे कारण उरले नाही. ‘अनियत’ हे या अर्थी केवळ वेळापत्रकाचे विशेषण नव्हते. साहित्याच्या पात्रतेचा निर्णय कोणी करावा, यासंबंधीची ती भूमिका होती. १९६९ मध्ये राजा ढाले व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सत्यकथे’चा अंक जाळला, तो या निर्णयाधिकाराचाच निषेध होय.

मात्र या बंडालाही एक अध्याहृत अट होती : त्यात सहभागी होणारा साक्षर असला पाहिजे. ही अट मुंबईत जाणवत नाही. मुंबईच्या उत्तरेस शंभरेक किलोमीटरवर ती ठळक होते. त्याच १९६९ मध्ये तारापूर येथे देशातील पहिले अणुवीजकेंद्र सुरू झाले आणि पुढे बोईसर-तारापूर पट्ट्यात औद्योगिक वसाहत वाढली. आज पालघर जिल्ह्यात मोडणाऱ्या याच प्रदेशातील वारली समाजाची सांस्कृतिक स्मृती मुख्यतः गीत, नृत्य आणि चित्र यांतून वाहत आली आहे. वाळलेला भोपळा, बांबू आणि ताडाची पाने यांपासून घडवलेला तारपा पीक हाती येण्याच्या दिवसांत वाजतो. वाजवणाऱ्याभोवती हात गुंफलेल्या नाचणाऱ्यांचे वेटोळे फिरते. त्याचा काळ छापखाना नव्हे, शेती ठरवते.

तथापि तारप्याला ‘पर्यायी संस्कृती’ म्हणणे सदोष ठरेल. वारल्यांच्या दृष्टीने ती मुख्य संस्कृतीच आहे. पर्यायी ठरते ती केवळ गिरगावातून पाहणाऱ्याला. लघुअनियतकालिकांनी ‘सत्यकथे’चे केंद्रत्व नाकारले, परंतु छापील शब्दाचे केंद्रत्व गृहीत धरले. १९७२ मध्ये ‘दलित पँथर’ स्थापन झाली आणि नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ प्रसिद्ध झाला. बोलणारा माणूस बदलला, माध्यम तेच राहिले. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडले आणि तिला आव्हान देणारे लेखक अभ्यासक्रमांत स्थिरावले. या चळवळीचा इतिहास लिहिताना तिने काय मोडले, याइतकेच तिला काय मोडावेसे वाटले नाही, हेही नोंदवावे लागेल.