बाणकोटची जागा आणि छागलांचा निकाल

केळशी म्हटले की आपल्याकडे याकूब बाबांचा दर्गा आणि शिवाजी महाराजांनी बाबांना दिलेला मान हाच विषय निघतो. मीही तो पुष्कळदा सांगितला आहे. पण केळशीच्या उत्तरेला बाणकोट आहे आणि दक्षिणेला हर्णैसमोर सुवर्णदुर्ग. या दोन किल्ल्यांची गोष्ट फारशी कोणी सांगत नाही.

1715 च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र लिहिले. त्यात सावकारांचा मोठा आदर आहे. टोपीकरांचा मामला मात्र वेगळा, असे पंत बजावतात. त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत, त्यांचा डोळा मुलखावर आहे. त्यांनी यावे, व्यापार करावा आणि जावे. वखारीला जागा द्यावीच लागली तर समुद्रकाठी किंवा खाडीलगत न देता आत द्यावी, पक्के बांधकाम करू देऊ नये. याला परक्यांचा दुस्वास म्हणता येणार नाही. 1660 मध्ये राजापूरच्या वखारीतल्या इंग्रजांनी सिद्दी जौहरला साथ देत पन्हाळ्यावर तोफा डागल्या होत्या. ते व्यापारी म्हणूनच राजापुरात राहिले होते.

पुढच्या 40 वर्षांत पंतांचे शब्द मागे पडले. तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानीत नव्हते, म्हणून नानासाहेबांनी मुंबईच्या कंपनीशी हातमिळवणी केली. एप्रिल 1755 मध्ये कंपनीच्या कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग जिंकला. फेब्रुवारी 1756 मध्ये विजयदुर्गाला आंग्र्यांचे आरमार जळाले. मराठ्यांचे आरमार मराठ्यांच्याच संमतीने! त्याच ऑक्टोबरच्या तहात विजयदुर्गाच्या बदल्यात कंपनीला बाणकोट मिळाले. सावित्रीच्या मुखावरची, खाडी आणि समुद्र दोन्हींवर नजर ठेवणारी जागा. पंतांनी जी देऊ नका म्हटले होते तीच. इथे कंपनीला दोष देण्यात मला फारसा रस नाही. ती आपला धंदा करीत होती. दार आतून उघडले गेले. 1818 मध्ये कोकणचा मोठा भाग तिच्या ताब्यात गेला.

कंपनीच्या हातून तिच्या देशाची पार्लमेंटही सुटली नव्हती. सनद टिकवण्यासाठी तिने वाटलेल्या लाचेची 1695 मध्ये चौकशी झाली. तिचे गव्हर्नर सर थॉमस कुक तुरुंगात गेले, ड्यूक ऑफ लीड्सवर महाभियोग आला. तरी 1773 मध्ये कंपनी बुडायला आली तेव्हा सरकारनेच तिला 14 लाख पौंड कर्ज देऊन तारले.

पंत राजासाठी लिहीत होते. आपल्या लोकशाहीला असाच इशारा 1957 मध्ये मुंबई उच्च न्यायालयातून मिळाला, मुख्य न्यायमूर्ती महंमदअली करीम छागला यांच्याकडून. टाटांच्या पोलाद कंपनीला राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या घटनापत्रात बदल हवा होता. कायद्यात मनाई नव्हती, म्हणून छागलांनी नाइलाजाने परवानगी दिली. पण हा धोका वाढत जाऊन देशातल्या लोकशाहीचा गळा आवळू शकतो, संसदेने विचार करावा, असे त्यांनी निकालातच नोंदवले. छागला म्हटले की आपल्याला त्यांचे मुस्लीम असणे किंवा जिनांकडे केलेली उमेदवारी आठवते, हा निकाल आठवत नाही.

संसदेने 1969 मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी घातली, 1985 मध्ये उठवली. 2017 मध्ये नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादाही काढून टाकली आणि निवडणूक रोखे आणले. कोणी कोणाला किती दिले हे मतदाराला कळायची सोय राहिली नाही. 15 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे दोन्ही घटनाबाह्य ठरवले. साडेसात टक्क्यांची मर्यादा परत आली. त्या मर्यादेत देणग्या आजही चालू आहेत.