पूर्वचाचणी : चाळणी, सराव आणि निदान

मुख्य तपासणीच्या आधी जी होते ती पूर्वचाचणी, एवढी व्याख्या पुरेशी नाही. ‘आधी’ म्हटल्याने फक्त क्रम कळतो, काम कळत नाही. आणि क्रम एकच असला तरी कामे निरनिराळी असतात.

यवतमाळच्या अभ्यासिकेत शेजारी बसलेल्या दोन विद्यार्थ्यांचे उदाहरण घ्या. दहावीतला मुलगा ‘पूर्वपरीक्षा’ म्हणतो तेव्हा त्याला बोर्डाच्या परीक्षेचा सराव अभिप्रेत असतो. त्यात गुण कमी पडले तर चुका कळतात, वाट बंद होत नाही. राज्यसेवेची तयारी करणारी मुलगी तोच शब्द वापरते, पण तिची पूर्व परीक्षा हजारोंना बाजूला काढण्यासाठी असते. ती उत्तीर्ण झाल्याशिवाय मुख्य परीक्षेला बसता येत नाही, आणि तिचे गुण अंतिम गुणवत्ता यादीत धरलेही जात नाहीत. लोकसेवा आयोग काही पदांसाठी ‘चाळणी परीक्षा’ हा शब्द वापरतो. तो अधिक प्रामाणिक आहे, कारण परीक्षा काय करणार हे तो आधीच सांगतो.

सराव आणि चाळणी यांखेरीज तिसरे काम अंदाजाचे. जूनच्या तोंडावर जिल्ह्यात घरचे सोयाबीन पेरायचे असेल तर उगवणशक्ती तपासली जाते. ओल्या गोणपाटावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडायच्या, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, ओल टिकवायची आणि सहा-सात दिवसांनी फक्त निरोगी कोंब मोजायचे. शंभरात 70 उगवले तर एकरी 30 किलो बियाणे. 60 उगवले तर त्याच प्रमाणात 35 किलो. सोयाबीनचे टरफल पातळ असते. मळणीयंत्र जास्त वेगाने फिरले किंवा पोते आपटले की दाणा दिसायला धड राहतो, पण आतला अंकुर दुखावतो. म्हणून नुसती नजरेची पारख इथे चालत नाही. तरीही गोणपाटावर ओल सारखी असते, शेतात ती तशी नसते. उगवण चाचणी दाण्याची क्षमता सांगते, पावसाच्या खंडाबद्दल काहीच सांगत नाही. हा अंदाज आहे, हमी नव्हे.

शब्दाच्या गोंधळाची सर्वांत मोठी किंमत मात्र आरोग्याच्या क्षेत्रात मोजावी लागते. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार विदर्भात गोंड, परधान यांसारख्या आदिवासी समाजांत आणि इतरही काही समाजांत आढळतो. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट. गावपातळीवर बहुधा पहिली होते ती सोल्युबिलिटी चाचणी. बोटातून काढलेले थोडे रक्त नळीतल्या द्रावणात मिसळतात. ते द्रावण तांबड्या पेशी फोडते आणि हिमोग्लोबिनमधला ऑक्सिजन काढून घेते. ऑक्सिजन गेला की सिकल हिमोग्लोबिन विरघळत नाही, द्रावण गढूळ होते. काही मिनिटांनी नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, दिसल्या नाहीत तर पॉझिटिव्ह.

या पॉझिटिव्हचा अर्थ एवढाच, की रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे. ते आईवडिलांपैकी एकाकडूनच आले (एएस, म्हणजे वाहक) की दोघांकडून (एसएस, म्हणजे रुग्ण), हे गढूळ नळी सांगू शकत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली चाचणी करावी लागते. वाहक सहसा निरोगी आयुष्य जगतो, रुग्णाला वेदनेचे झटके आणि रक्तक्षय सोसावा लागतो. एवढे अंतर असलेल्या दोन माणसांच्या हाती पहिल्या चाचणीनंतर एकच शब्द पडतो. निगेटिव्हलाही मर्यादा आहेत. सहा महिन्यांखालच्या बाळात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जास्त असल्याने दोष लपू शकतो. थॅलेसेमियाचा वाहक तर या चाचणीत सापडतच नाही, आणि त्याचा विवाह सिकलसेल वाहकाशी झाला तर मूल आजारी निपजू शकते.

आयुर्वेदाच्या पंचनिदानात ‘पूर्वरूप’ आणि ‘रूप’ हे वेगळे टप्पे मानले आहेत: रोग व्यक्त होण्याआधीची चिन्हे वेगळी, प्रकट लक्षणे वेगळी. पूर्वरूपाला कोणी रोग म्हणत नाही. आजच्या आपल्या बोलण्यात मात्र ‘तपासणी’ या एकाच शब्दात चाळणीही बसते आणि निदानही. शिबिरात ‘तपासणी झाली’ असे ऐकलेला माणूस निकाल लागला असे समजतो, यात त्याचा दोष नाही. माझ्या मते सोल्युबिलिटीला ‘चाळणी चाचणी’च म्हणावे, आणि ‘निदान’ हा शब्द इलेक्ट्रोफोरेसिस वा एचपीएलसीनंतरच कागदावर यावा. निव्वळ ‘पॉझिटिव्ह’ लिहून दिलेली चिठ्ठी अपुरी आहे. कोणती चाचणी केली आणि पुढची कोणती राहिली, हे दोन्ही तिच्यावर मराठीत लिहिलेले हवे.

दोन वाहकांच्या विवाहात प्रत्येक गर्भधारणेला मूल रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के असते. म्हणून लग्नाआधी तपासणी व्हायलाच हवी. पण नुसत्या पहिल्या चाचणीवर सोयरीक मोडू नका आणि जोडूही नका. दोन्हीकडच्या मुलामुलींची पक्की तपासणी करून घ्या, अहवाल डॉक्टरांकडून समजून घ्या, आणि मगच काय ते ठरवा.