कालव्याच्या काठची वाट



रस्त्यांचा इतिहास सांगणारे बहुधा राजमार्गांचाच सांगतात. नाणेघाटातील जकात, बोरघाटातील चढण, छावणीपासून छावणीपर्यंत नेलेले लष्करी रस्ते, यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आज मी ज्या वाटेविषयी चार शब्द बोलणार आहे, ती वाट म्हणून कोणी बांधलीच नव्हती. खडकवासल्याहून निघून हवेली व दौंड तालुक्यांतून पूर्वेस जाणाऱ्या मुठा उजव्या कालव्याच्या भरावावरील मुरमाची वाट ती हीच. पाण्यावर देखरेख ठेवणाऱ्या पाटकऱ्यास व ओव्हरसियरास हिंडता यावे, एवढ्याचसाठी ती राखली गेली. तिच्यावर मोटारींची वर्दळ नाही व हाटेलांची गर्दीही नाही. सायकलीवरून मुलूख पाहत हिंडणाऱ्या तरुणांस अलीकडे अशा वाटांचा छंद लागला आहे. छंद उत्तम आहे. परंतु वाटेचा इतिहास ठाऊक नसता तिच्यावरून जाणे म्हणजे पोथीची पाने उलटावीत आणि अक्षर वाचू नये, तसे होय.

मी शिरूर तालुक्यातील पाबळचा. बाजीरावसाहेबांनी मस्तानीस दिलेले गाव आणि तिच्या कबरीचे ठिकाण म्हणून पाबळचे नाव इतिहासात आहे. गावकऱ्यांच्या बोलण्यात मात्र इतिहासापेक्षा पाऊसच अधिक असतो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील हा माळ. बाजरी यावी, ज्वारी यावी, आणि मृगाने हूल दिली की दोन्ही जावीत. पाबळ-केंदूरच्या लोकांची पाण्याची मागणी फार जुनी आहे. अशा माळावरच्या माणसास कालवा जसा दिसतो, तसा तो बागाइतदारास दिसत नाही. म्हणूनच या विषयावर बोलण्याचे धाडस मी करीत आहे.

प्रथम कालव्याची घडण पाहू. पुणे शहरास व खडकीच्या छावणीस पाणी मिळावे आणि पूर्वेकडील कोरड्या मुलखास सिंचन व्हावे, या दुहेरी हेतूने मुठा नदीवर खडकवासला येथे दगडी धरण बांधण्याचे ठरले. १८६९ च्या सुमारास कामास आरंभ झाला व पुढील दहा वर्षांत ते पुरे झाले. ज्यांच्या देखरेखीखाली ही योजना आखली गेली, त्या फाइफ नावाच्या इंजिनिअर साहेबांवरून जलाशयास ‘लेक फाइफ’ असे नाव पडले. धरणापासून निघालेला उजवा कालवा पुणे शहरातून, हडपसर, लोणी, उरुळी, यवत या गावांच्या आसपासून पाटसच्या बाजूस गेला. त्याची लांबी सत्तर मैलांच्या घरात होती.

कालव्याचे पाणी कोणी ढकलीत नाही. ते आपल्याच वजनाने चालते. त्याकरिता मैलामागे फार तर एक-दोन फूट उतार द्यावयाचा असतो. उतार अधिक झाला तर पाणी काठ खाते, आणि कमी झाला तर गाळ धरते. म्हणून टेकडी आडवी आली की कालवा तिला वळसा घालतो, ओढा आला की जलसेतूवरून जातो किंवा ओढ्यास मोरीतून खाली सोडतो. सायकलस्वारास ही वाट सुखाची वाटते, याचे कारण यातच आहे. पाण्यास जो उतार मानवतो तो चाकासही मानवतो. भोवतीची जमीन लाटेप्रमाणे वरखाली होत असता भरावावरची वाट मात्र समपातळीत सरकत जाते. ती नागमोडी आहे. पण तिचे प्रत्येक वळण लेव्हलच्या दुर्बिणीतून पाहून ठरविलेले आहे.

येथे एक गमतीची गोष्ट सांगावीशी वाटते. दोन्ही चाके सारखी असलेली आजच्या घडणीची सायकल इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ली याने १८८५ साली बाजारात आणली, आणि डन्लॉपची हवा भरलेली धाव १८८८ सालची. म्हणजे आमची वाट तयार होऊन पडली होती, आणि तिच्यावरून सुखाने जाणारे वाहन अजून जन्मास यावयाचे होते!

परंतु या सुखाखाली दुःखाचा थर आहे. काम चालू असतानाच १८७६ ते ७८ चा भयंकर दुष्काळ पडला. पुणे जिल्ह्याच्या पूर्वभागात माणसे व गुरे देशोधडीस लागली, आणि सरकारने दुष्काळी कामे काढली. कालव्यावर अवलंबून असलेला दौंड तालुक्यातील माटोबा तलाव हे अशाच कामांपैकी एक होय. १८७७ साली सर रिचर्ड टेम्पल यांच्या शिफारशीवरून दुष्काळी कामांवरील मजुरी कमी करण्यात आली. दिवसभर माती वाहणाऱ्या पुरुषास एक पौंड धान्य व एक आणा. स्त्रिया व मुले यांस त्याहूनही कमी. पोटास अपुऱ्या अशा या मजुरीविरुद्ध पुणे सार्वजनिक सभेने सरकारकडे अर्जांमागून अर्ज केले, आणि मजुरांनी कामेही सोडली. या मुलखातील तलावांचे बांध पाहताना शाळेतील मुलांस मी नेहमी सांगत असे की, ही माती मोजताना घनफुटांबरोबर उपाशी पोटेही मोजावी लागतात.

पाणी आले, पण ते सर्वांस आले नाही. याचे कारणही त्या उतारातच आहे. कालव्याच्या रेषेखाली, नदीच्या बाजूस जी जमीन, तिलाच पाणी आपोआप मिळते. रेषेच्या वरची जमीन, मग ती हाकेच्या अंतरावर का असेना, कोरडीच राहते. कालवा नदीच्या उजव्या अंगाचा असल्याने प्रवाहाबरोबर पूर्वेस निघालेल्या प्रवाशाच्या डाव्या हातास खाली ऊस, भाजीपाला, विहिरींना पाझर. आणि उजव्या हातास पाण्यापलीकडे बाभळी, मुरूम व बाजरीची खुरटी ताटे असा देखावा बहुतेक ठिकाणी दिसतो. बागाइत व जिराइत यांच्यामधली शीव म्हणजे ही वाट. एका काठावरच्या मुलीस सोयरीक लवकर येते, आणि दुसऱ्या काठावरचा मुलगा पुण्यास मजुरीला जातो. मोटारीतून जाणाऱ्यास हा भेद दिसत नाही. पायी जाणाऱ्यास दिसतो, पण थोड्याच अंतराचा. सायकलीच्या चालीने एका सकाळीत दहा-पंधरा मैल गेले म्हणजे तो मनावर ठसतो.

आरंभीच्या काळात तर रेषेखालचे शेतकरीही पाणी घेण्यास राजी नसत. पाऊस बरा झाला की पाणपट्टी भरावयास कोणी पुढे येईना. अवर्षण आले की सर्वांची एकदम धाव. महात्मा जोतीराव फुले यांची मांजरी येथे शेती होती, आणि धरणाच्या कामास माल पुरविण्याचा ठेकाही त्यांनी घेतला होता, असे चरित्रकार सांगतात. तेव्हा कालव्याची दोन्ही अंगे त्यांनी जवळून पाहिली होती. १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात शेतकऱ्यास वेळेवर पाणी न देणाऱ्या खात्याच्या कारभारावर त्यांनी कडक टीका केली आहे. बांधकाम हे निम्मेच काम, वाटप हे उरलेले निम्मे, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

पुढे १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले व त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही भंगले. पुण्याची जी हानी झाली ती सर्वश्रुत आहे. धरणाची दुरुस्ती झाल्यावर नवा मुठा उजवा कालवा काढण्यात आला. तो २०२ किलोमीटर लांबीचा असून थेट इंदापूर तालुक्यात जातो. जुन्या कालव्यास लोक आता ‘बेबी कालवा’ म्हणतात. त्याचे नशीब मात्र विलक्षण पालटले. पूर्वी तो धरणाचे निर्मळ पाणी शहरास व शेतास देई. आता मुंढव्याजवळ नदीतून उचललेले, शहराने वापरून प्रक्रिया केलेले पाणी तो हवेली-दौंडच्या शेतांकडे नेतो. शहर वाढले, त्याची तहान वाढली, आणि शेतकऱ्याच्या वाट्यास उष्टे पाणी आले. काठाने जाणाऱ्याचे नाकच त्यास हा इतिहास सांगते.

पाबळहून जाणाऱ्याने शिक्रापूर, तळेगाव ढमढेरे, न्हावरे असे दक्षिणेस उतरून पारगावाजवळ भीमा ओलांडावी. चौफुल्याहून यवत किंवा वरवंडच्या बाजूस वळले म्हणजे कालव्याची भेट होते. तेथवरचा रस्ता मालमोटारींनी गजबजलेला आहे. पण भरावावर चढताच कर्णे मागे राहतात, आणि पाण्याचा व चाकाखालच्या मुरमाचा एवढाच आवाज उरतो.

ही वाट राहील काय, हा आजचा खरा प्रश्न आहे. गळती, बाष्पीभवन व चोरी टळावी म्हणून खडकवासल्यापासून फुरसुंगीपर्यंत सुमारे २८ किलोमीटर पाणी बोगद्यातून नेण्याची योजना शासनाने हाती घेतली आहे. पाणी वाचणार असेल तर तिला विरोध करण्याचे कारण नाही. वाचलेले पाणी माळाकडे वळावे, एवढेच आमचे मागणे. पण पाणी भूमिगत झाल्यावर मोकळ्या पडणाऱ्या पट्ट्याचे काय? त्यावर मोटाररस्ता करावा असे म्हणणारे पुष्कळ निघतील, आणि न विचारता भिंत घालणारे त्याहून अधिक.

अमेरिकेतील एक उदाहरण येथे बोधप्रद आहे. वॉशिंग्टनपासून कंबरलंडपर्यंत १८४.५ मैलांचा एक जुना नौकानयनाचा कालवा आहे. खेचरांनी काठावरून होड्या ओढाव्यात म्हणून त्याच्या कडेने वाट होती. १९२४ साली त्यावरील वाहतूक थांबली, आणि पुढे त्या काठावरून मोटारींचा मार्ग नेण्याचा बेत निघाला. तेव्हा, १९५४ साली, सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी त्या बेतास अनुकूल असलेल्या वृत्तपत्राच्या संपादकांस जाहीर आव्हान दिले की, माझ्यासह ही वाट पायी चालून पाहा व मग लिहा. ते चालले, आणि लोकमत फिरले. १९७१ साली तो कालवा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाला. आज त्या वाटेवरून पादचारी व सायकलस्वार निर्वेध जातात.

आमचा कालवा होड्यांचा नाही, पिकांचा आहे. तेव्हा येथे पहिला मान पाण्याचा. भराव मातीचा असतो; जड वाहनांनी तो खचतो, आणि खचलेला भराव काय करतो हे पुण्याने २७ सप्टेंबर २०१८ रोजी दांडेकर पुलाच्या परिसरात पाहिले. भरावावर वाहन नेण्यास कायद्याचे निर्बंध आहेत, ते उगीच नाहीत. यासाठी सायकलस्वारांनी खात्याची परवानगी घेऊन जावे, पावसाळ्यात ओल्या भरावावर चाक घालू नये, चारीच्या दारास हात लावू नये, आणि पाणी सुटले असता पाटकऱ्यास आधी वाट द्यावी. खात्यानेही या हलक्या वाहनास बंदी न करता नियम घालून द्यावेत. निर्मनुष्य काठावर अतिक्रमण लवकर होते. ज्या काठावरून रोज माणसे जातात, तेथे फुटका भराव व चोरटा नळ चार डोळ्यांस दिसतो. वाट राखणे हे अशा रीतीने पाणी राखण्याचेच एक साधन आहे.

दीडशे वर्षांपूर्वी उपाशी माणसांनी वाहिलेल्या मातीवर आज आपली मुले आनंदाने सायकली चालवितात, यात वाईट काही नाही. मात्र त्यांनी डाव्या हाताचा ऊस पाहताना उजव्या हाताचा माळही पाहावा. त्या माळावर पाणी कसे न्यावे, याचे उत्तर त्यांच्याच पिढीस शोधावयाचे आहे. आणि ते शोधण्यास या वाटेइतकी चांगली शाळा मला दुसरी ठाऊक नाही.