उष्टावण, दंतोद्भव आणि मातेचे दूध : एक ऐतिहासिक विचार

आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत आजवर कुलवृत्तांत, कुलदैवते, दानशूर व्यक्तींची चरित्रे आणि विद्यार्थ्यांचे यश यांविषयी पुष्कळ लिहिले गेले. तो क्रम उचितच होय. परंतु ज्ञाती म्हणजे अखेर घरे, आणि घर म्हणजे पाळणा. त्या पाळण्यातील बालकास सहावा महिना लागला की घरात तीन प्रश्न एकदमच उभे राहतात. उष्टावण केव्हा करावी? दात येऊ लागल्यावर अंगावरचे दूध तोडावे की चालू ठेवावे? आणि बाळास ढाळ लागले, ताप आला, तर ते दातांचेच म्हणून सोडून द्यावे काय? प्रश्न आजचे वाटतात. पण त्यांची उत्तरे शोधण्यात मानवजातीने दोन हजारांहून अधिक वर्षे घालविली आहेत, आणि चुकीच्या उत्तरांची किंमत असंख्य बालकांनी प्राण देऊन चुकविली आहे. म्हणून हा इतिहास आपल्या कुटुंबांपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

प्रथम आपल्याकडील परंपरा पाहू. अन्नप्राशन हा सोळा संस्कारांपैकी एक. आश्वलायन व पारस्कर या दोन्ही गृह्यसूत्रांनी त्यासाठी सहावा महिना सांगितला आहे. तेजाची इच्छा धरणाऱ्याने तुपासह भात द्यावा, तसेच दही, मध व तूप मिसळलेले अन्न द्यावे, असे आश्वलायन सांगतो. सुश्रुतानेही सहाव्या महिन्यात हलके व हितकर अन्न द्यावे असे म्हटले आहे. महाराष्ट्रात या संस्काराचे घरगुती रूप म्हणजे उष्टावण. मामाने भाच्यास मांडीवर घ्यावे, चांदीच्या वाटीतील खीर सोन्याच्या अंगठीने चाटवावी, ही रीत अनेक घरांत अद्याप चालते.

बालरोगांवरील आपला प्राचीन ग्रंथ म्हणजे काश्यपसंहिता. तो शतकानुशतके लुप्तप्राय होता. नेपाळातील राजगुरू पंडित हेमराज शर्मा यांच्या संग्रहातील खंडित हस्तलिखितावरून तो १९३८ साली प्रसिद्ध झाला. त्यात दातांच्या जन्मावर एक स्वतंत्र अध्याय आहे. मुलींचे दात लवकर व कमी त्रासाने येतात, आठव्या महिन्यात आलेले दात उत्तम, असे त्यात सांगितले आहे. त्यातील दातांची मोजणी आजच्या शास्त्राशी सर्वस्वी जुळत नाही. दुधाचे दात वीस, हे आज सर्वमान्य आहे. परंतु अन्नाविषयीचा क्रम विचार करण्याजोगा आहे. सहाव्या महिन्यात फळांचा रस व गर, आणि दात आल्यावर अथवा दहाव्या महिन्यात धान्याचे अन्न, अशा पायऱ्या काश्यपाने योजिल्या. एका दिवसात दूध बंद आणि भात सुरू, असा अविचार तेथे नाही.

वाग्भटाने अष्टांगहृदयात याच विचाराला अधिक स्पष्ट रूप दिले. दात आलेल्या बालकास क्रमाक्रमाने स्तनापासून दूर करावे आणि चारोळी, ज्येष्ठमध, मध, साळीच्या लाह्या व खडीसाखर यांचे मोदक द्यावेत, असे तो सांगतो. त्याचे दुसरे वचन तर सोन्याच्या तोडीचे आहे. दंतोद्भव हे सर्व रोगांचे कारण, असे एकीकडे म्हणूनही तोच पुढे बजावतो की दातांमुळे होणाऱ्या विकारांत बालकास फार जखडू नये, कारण दात आल्यावर ते विकार आपोआप शमतात. वैद्याने कोठे थांबावे हे सांगणारा वैद्य विरळाच!

युरोपात मात्र नेमके उलट घडले. सोळाव्या शतकात फ्रेंच शस्त्रवैद्य आंब्रोआज पारे याने दात येणाऱ्या बालकांच्या हिरड्या चिरण्याचा उपाय पुरस्कारिला. अठराव्या शतकात जॉन हंटरसारख्या थोर शस्त्रवैद्याने त्यास आपला आधार दिला. बालकास झटके येवोत, ताप येवो, ढाळ होवोत, हिरडी चिरणे हा उपचार दीर्घकाळ चालू राहिला. इंग्लंड व वेल्समध्ये मृत्यूंची नोंद सुरू झाली तेव्हा १८३९ या एका वर्षात पाच हजारांहून अधिक बालमृत्यूंच्या कारणापुढे ‘दात येणे’ असे लिहिले गेले. वस्तुतः दात येण्याने कोणी मरत नाही. ती बालके दूषित दूध, अस्वच्छ पाणी व साथीचे रोग यांना बळी पडली होती. परंतु खरा शत्रू दडून राहिला आणि निरपराध दाताच्या माथी दोष आला.

याहून भयंकर प्रकार औषधांचा. दात येतेवेळी देण्याच्या पुड्यांत पाऱ्याचे क्षार घालीत. त्या पुड्यांनी बालकांचे हातपाय गुलाबी होऊन सुजत, कातडी सोलून निघे, उजेड सहन होत नसे. कित्येक बालके दगावली. कारण कोणास उमगेना. १९४८ च्या सुमारास अमेरिकेत वार्कनी व हबर्ड या संशोधकांनी हा रोग पाऱ्याशी जोडून दाखविला. १९५४ साली ब्रिटनमधील उत्पादकांनी पुड्यांतून पारा काढला, आणि तो रोग जवळजवळ नाहीसा झाला. अमेरिकेत खपणाऱ्या एका प्रसिद्ध ‘शामक’ सरबतात तर अफूचे सत्त्व म्हणजे मॉर्फिन असे.

आपण या बाबतीत निर्दोष होतो काय? नव्हतो. मुंबईतील गिरणी-कामगार स्त्रियांची डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी १९२२ च्या सुमारास पाहणी केली. त्या स्त्रियांच्या तान्ह्या मुलांना अफूची बाळागोळी देण्याची चाल सर्रास असल्याचे त्यांना आढळले. माता दहा तास साच्यावर उभी. बालक रडू नये म्हणून गोळी. यात मातेचा निर्दयपणा नव्हता, परिस्थितीचा होता. मुंबई प्रांतात १९२९ साली प्रसूतिलाभाचा कायदा झाला. पुढे १९६१ च्या केंद्रीय कायद्याने कामावर परतलेल्या मातेस मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोन वेळा दूध पाजण्याची सुट्टी दिली, आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूतीची रजा सव्वीस आठवड्यांची केली. दात आलेल्या बालकासही मातेच्या दुधाची गरज असते, हे तत्त्व अशा रीतीने कायद्याच्या पुस्तकात आले.

ते तत्त्व किती खरे आहे, हे सिसिली विल्यम्स या विदुषीने दाखविले. पश्चिम आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचा घाना देश, येथे त्या सरकारी डॉक्टर होत्या. दूध सुटल्यावर केवळ मक्याच्या पेजेवर वाढणारी मुले सुजून, केस विटून मरत. १९३३ साली त्यांनी या रोगाचे वर्णन केले आणि १९३५ साली तेथील गा भाषेतील ‘क्वाशिओरकोर’ हे नाव जगापुढे ठेवले. दुसरे मूल आले की पहिल्यास होणारे दुखणे, असा त्या नावाचा आशय. अंगावरचे दूध अकस्मात तुटणे आणि वरच्या अन्नात सत्त्व नसणे, या दोहोंचा तो परिणाम होता. आपल्याकडेही वर्षभराच्या मुलास निव्वळ भाताच्या पेजेवर ठेवणारी घरे थोडी नाहीत.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दात आणि दुखणी ही बरोबर का येतात? कारण सहा महिने ते दीड वर्ष या काळात चार गोष्टी एकत्र घडतात. दात फुटतात; वरचे अन्न व पाणी सुरू होते; गर्भात असता मातेकडून मिळालेली रोगप्रतिकारशक्ती ओसरते; आणि बालक रांगू लागून सापडेल ती वस्तू तोंडात घालते. दाताने लाळ गळते, हिरडी ठणकते, मूल चिडचिडे होते, इतकेच. जुलाब होतात ते अस्वच्छ हात, वाटी व पाणी यांमुळे. जुलाबात प्राण जातात ते अंगातील पाणी व क्षार निघून गेल्याने. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली असता डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून सहस्रावधी जीव वाचविले. तेथील मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आले. तेव्हा ‘दातांचे ढाळ आहेत, होतील बंद’ असे म्हणून स्वस्थ बसणे यापुढे आपल्या एकाही घरात घडू नये. क्षार-साखरेचे पाणी पाजावे, अंगावरचे दूध चालूच ठेवावे, आणि डॉक्टरास दाखवावे.

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ पासून पहिले सहा महिने केवळ मातेचे दूध, आणि त्यानंतर वरच्या अन्नासह दोन वर्षे वा अधिक काळ तेच दूध चालू ठेवण्याचा उपदेश केला आहे. जन्मतः मिळालेला लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या सुमारास सरत येतो, म्हणून वरचे अन्न लांबविणेही अहितकर. सहा ते आठ महिन्यांत दिवसातून दोन-तीन वेळा, पुढे तीन-चार वेळा मऊ व घट्टसर अन्न द्यावे. मुगाच्या डाळीची खिचडी तुपासह, नाचणीचे सत्त्व, कुस्करलेले केळे, शिजवून घोटलेली भाजी, आणि ज्या घरात चालते तेथे अंडे वा मासे, हे सर्व आपल्या स्वयंपाकघरातीलच. एक सुधारणा मात्र परंपरेत करावी लागेल. मधात क्वचित असणाऱ्या जंतूंमुळे एक वर्षाच्या आतील बालकास घातक विषबाधा होऊ शकते, हे आता ज्ञात आहे. म्हणून उष्टावणीच्या वाटीत मध नको.

दात आल्यावर बालक चावते म्हणून दूध तोडण्याचा, कोरफडीचा कडू रस लावण्याचा सल्ला वडीलधाऱ्या स्त्रिया देतात. त्यांचा हेतू प्रेमाचाच. परंतु बालक खरोखर पीत असता त्याची जीभ खालच्या दातांवर असते, त्यामुळे चावणे शक्य नसते. ते चावते पोट भरल्यावर, खेळताना. तेव्हा न ओरडता करंगळी त्याच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत घालून त्यास हळूच सोडवावे. थोड्याच दिवसांत ते शिकते.

ज्ञातिबंधु-भगिनींनो, पूर्वजांचा अभिमान धरणे म्हणजे त्यांची प्रत्येक चाल जपणे नव्हे. काश्यपाचा क्रम घ्यावा, वाग्भटाचा संयम घ्यावा. बाळागोळीचा काळ आठवणीत ठेवावा, तो पुन्हा येऊ नये म्हणून. उष्टावणीस मामाने सोन्याची अंगठी अवश्य आणावी. पण त्याआधी हात स्वच्छ धुवावेत, आणि बहिणीस सांगावे, “ताई, खीर चाटविली म्हणून दूध तोडू नकोस हो.” इतके एक वाक्य आपल्या ज्ञातीच्या प्रत्येक उष्टावणीत उच्चारले गेले, तर या स्मरणिकेची पाने सार्थकी लागली असे मी समजेन.