मुख्य चित्रपटाच्या आधी

चित्रगृहात मुख्य चित्रपटाच्या आधी सरकारी अनुबोधपट लागे, तेव्हा पुष्कळ मंडळी बाहेर चहा घेत उभी असत. आम्हीही त्यांतलेच, हे येथे कबूल केले पाहिजे. फिल्म्स डिव्हिजन ही संस्था १९४८ साली मुंबईत निघाली आणि तिची चित्रे चित्रगृहांना सक्तीने दाखवावी लागत. सक्तीच्या वस्तूवर प्रेम कोण करतो!

परवा त्यांतलेच एक, एस. एन. एस. शास्त्री यांचे १९६७ चे ‘आय ॲम ट्वेंटी’, आम्ही घरबसल्या इंटरनेटवर पाहिले. स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेली मुलेमुली त्यात आपले मन सांगतात. कोणाला देशाकडून मोठी आशा आहे. कोणी तर देशाविषयी आपल्याला प्रेमच नाही असे बेधडक म्हणतो. सरकारी पैशाने निघालेल्या चित्रात ही कडू उत्तरे कात्रीतून सुटली, याचे आम्हांस नवल वाटले. त्या पिढीचा इतका बोलका पुरावा दफ्तरांत क्वचितच सापडेल.

आणि तो उरला, हे भाग्यच. १९०१ च्या डिसेंबरात रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, तेव्हा त्यांच्या मुंबईतील स्वागताचे चित्रण हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादांनी केले होते. आपल्याकडील वृत्तचित्रांचा आरंभ तेथून मानतात. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली. मधल्या साठ-बासष्ट वर्षांत अशा फिती सांभाळण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती. सावेदादांची ती फीत आज उपलब्ध नाही. स्वागताला जमलेल्या त्या मुंबईकरांचे चेहरे आपल्याला आता दिसावयाचे नाहीत.